भाचीच्या बदल्यात आत्या

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. रीतीने 'शिरसाष्टांग' लिहायला हवं, पण हे पत्र मी एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये उभ्याने लिहिते आहे आणि आठही अंगं टेकवण्याइतकी जागा इथे नाही. (लिफ्टमध्ये चाचणीची वजनं चढवायची आहेत. ती आणणारी गाडी चुकीच्या इमारतीकडे गेली आहे, म्हणून वेळ आहे.) तुझी मान आता कशी आहे? दिवसभर खाली वाकून लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे आणि संध्याकाळी त्याच दुकानामागे छताजवळ टांगलेल्या टीव्हीकडे वर बघत सामने पाहायचे, हे कुठल्याही सांध्याला मानवणारं नाही. टीव्ही वीतभर खाली घे. इकडे काकांचा गुडघा आहे तसाच आहे, काकू बरी आहे आणि मी ठीक आहे. शेवटचं मुद्दाम लिहिते, कारण तुझ्याकडे याच्या उलट बातमी पोचली असण्याची शक्यता आहे.

काकांच्या खोलीने मला तुझ्या खोलीला देऊन टाकायचं ठरवलं आहे, हे तुला बसड्रायव्हरने सांगितलंच असेल. त्याच्या बसचं एक टोक आमच्या दुकानाशी आणि दुसरं तुझ्या दुकानाशी असल्यामुळे दोन्हीकडच्या चाहत्यांचे निरोप तोच नेतो. पण तो प्रत्येक थांब्यावर निरोपात थोडी भर घालतो, तेव्हा मूळ मजकूर माझ्याकडून असावा.

तू हे दुकान सोडून गेलीस त्यानंतर खोलीत फारसा बदल नाही. पुढे काका सोफे-खुर्च्या मढवतात, मागे आपण बास्केटबॉल बघतो आणि बसायला गिऱ्हाइकांचंच सामान. त्यामुळे आपल्या संघाचं काहीही होवो, आपली बैठक गावातल्या सोफ्यांच्या तब्येतीवर ठरते. एका वकिलाचा चार जणांचा सोफा आला आहे, त्यावर आम्ही प्रशस्त बसतो. दंतवैद्य मात्र स्प्रिंग वर आलेल्या दिवाणावरच बसतात. (त्यांनी स्वतः निवडला. दुसऱ्याच्या वेदनेची इतकी सवय झाली की स्वतःच्याही चालत असाव्यात.) निवृत्त भूगोलसर टीव्हीजवळच्या स्टुलावर असतात. हंगाम सुरू झाला तेव्हा सगळी वर्तमानपत्रं करंडक आपलाच म्हणत होती. आता तक्त्यात आपण इतके खाली आहोत की सर म्हणतात, मान वर केल्याशिवाय समुद्रसपाटी दिसत नाही.

आता वाद कशावरून, तर खांबावरून. आपला सेंटर. संघात सगळ्यांत उंच, सगळ्यांत वयस्क, गुडघ्याला पट्टा. क्लबने त्याला बंदराच्या संघाला देऊन दोन तरुण पोरं घ्यावीत की नाही, यावर आमच्याकडे रोज सभा भरते. अदलाबदलीची मुदत शनिवारी संध्याकाळी संपते आणि क्लबचे लोक आमच्या निकालासाठी खोळंबले असावेत अशी खोलीची समजूत आहे. दंतवैद्यांचं मत, किडलेला ठेवला की शेजारचेही जातात. सरांचं मत, दोन पोरांपैकी एक तरी डोंगर निघेल. काकांचं मत, या खोलीत खांबाबद्दल वाकडं बोलणाऱ्याने स्वतःची खुर्ची घरून आणावी. मला विचारलं तेव्हा मी लिफ्टचं उदाहरण दिलं. माणसं ज्या पेटीत उभी राहतात ती सगळ्यांना दिसते, पण पलीकडच्या बाजूने लोखंडी वजनं खाली येतात म्हणून ती पेटी वर जाते. खांब गुण करत नाही. तो समोरच्या दोघांना अडवून उभा राहतो म्हणून बाकीचे करतात. तो मैदानात असताना आपण पुढे असतो, तो बाकावर बसला की मागे पडतो. हे मी हंगामभराच्या आकड्यांनिशी मांडलं. मग दंतवैद्य म्हणाले, ही पोरगी खांबाला लिफ्ट म्हणते आहे. सर म्हणाले, छे, लिफ्टमागचं लोखंड म्हणते आहे. उरलेली सभा या मुद्द्यावर झाली.

माझा गुन्हा त्यानंतरचा. खोलीचा नियम तुला ठाऊक आहे (तू आणि काकांनी लहानपणी काढलेलाच आहे): आपला खेळाडू फ्री थ्रो मारत असताना सगळ्यांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे आणि चेंडू सुटेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. मी पाय उचलते. त्यामागचं कारण मला पटलेलं नाही, पण एकट्या माझे पाय खाली राहिले तर हरल्याचं बिल माझ्या नावावर फाटेल एवढं कळतं. मात्र मागच्या मंगळवारी खांब रेषेवर आला, त्याचं कोपर बाहेर वळलेलं दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चुकणार. चुकला. दुसरा मारायला उभा राहिला, कोपर तसंच. मी तेच म्हणाले. (दुसऱ्यांदा बोलायला नको होतं हे मान्य. पण मी तपासणीचं काम करते. तार झिजलेली दिसली की झिजली म्हणायची सवय आहे.) आपण एका गुणाने हरलो. मी वळून पाहिलं तर कोणी टीव्हीकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि एकाचेही पाय अजून खाली आले नव्हते.

मग सभा. क्लब खांबाला देत नाही तर न देवो, आपल्या हातात जे आहे ते आपण देऊ, असं दंतवैद्य म्हणाले आणि ठराव मांडला की मला तुझ्याकडे पाठवावं आणि बदल्यात तुझ्याकडचा शिट्टी वाजवणारा पोस्टमन घ्यावा. हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं. मीच चहा ओतत होते. सर म्हणाले, वय कमी आहे, पुढे वाढेल. दंतवैद्य म्हणाले, वाढेल कुठे, आधीच मागच्याला दिसत नाही. कोणी म्हणालं, आवाज नाही तिला, जिंकलो तरी 'बरं झालं' म्हणते. कोणी म्हणालं, पण टीव्ही बिघडला तर तीच दुरुस्त करते, हे विसरू नका. त्यावर थोडा वेळ विचार झाला. शेवटी असं मत पडलं की पोस्टमन चांगला वाजवतो, तेव्हा नुसत्या माझ्यावर सौदा पटणार नाही. माझ्यासोबत एक घडीची खुर्चीही द्यावी लागेल. ती खुर्ची मी पाहिली आहे. तिची एक पट्टी तुटलेली आहे. मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी एका लिफ्टचा ब्रेक दोनदा तपासला, एवढंच.

काका तोवर बोलले नव्हते. तोंडात खिळे धरून ते एका खुर्चीला कापड ताणत होते आणि मला वाटलं, त्यांचीही हरकत नसावी. (ज्या माणसाने मला दुकानामागच्या भिंतीवर बादलीचं कडं ठोकून नेम शिकवला, त्याची हरकत असायला हवी होती असं मी म्हणत नाही. नोंदवून ठेवते.) मग त्यांनी खिळे हातावर काढले आणि म्हणाले, "पोस्टमन नको. पोरीच्या बदल्यात तिची आत्या येत असेल तर बोला. नाहीतर विषय बंद."

आणि विषय बंदच झाला, असं सगळ्यांनी धरलं. कारण तुझं नाव त्या खोलीत निघत नाही. तू संघातल्या त्या डावखुऱ्या खेळाडूला विकायला सांगत होतीस, काका 'मी मेल्यावर विका' म्हणत होते, क्लबने त्याला विकलं आणि त्याच वर्षी करंडक आला. विजयाच्या रात्री तू दारात उभी राहून फक्त "काय?" म्हणालीस. काका डावखुरा विसरले, करंडकही बहुधा विसरले. ते "काय?" विसरलेले नाहीत. तेव्हा माझी अशी किंमत लावली की कोणी देणारच नाही, आणि पोरगी घरात राहील, हा त्यांचा डाव मला उशिरा कळला. काकूला लगेच कळला होता. ड्रायव्हरला मात्र कळला नाही. तो 'निरोप निरोपच' म्हणून शेवटच्या फेरीला तुझ्याकडे घेऊन गेला आणि सकाळी तुझं उत्तर घेऊन आला: विचार करते.

आत्या, त्या दोन शब्दांनी इथे काय झालं त्याची तुला कल्पना नाही. दंतवैद्य दिवाणावरून उठताना प्रथमच कळवळले. सर म्हणाले, हवामान बदलणार. आणि संध्याकाळी काकांनी माळ्यावरून तुझी ती रुंद हातांची खुर्ची खाली काढली, जिच्यावर इतक्या वर्षांत कोणाला टेकू दिलेलं नाही, आणि जुनं कापड उसवायला बसले. मी विचारलं, कोणाची? म्हणाले, गिऱ्हाइकाची. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक वस्तूला ते सुतळीने नावाची चिठ्ठी बांधतात. हिला चिठ्ठी नव्हती. कापड हिरवं आहे, तुला हवं होतं तसलं. भरावही नवा घातला आहे. मी ड्रायव्हरकडून ऐकलं होतं की तुमच्याकडेही फ्री थ्रोच्या वेळी सगळे पाय उचलतात, गावाच्या दोन टोकांना एकाच क्षणी. ते त्यांना सांगितलं. त्यांनी "हं" केलं आणि पुढचा खिळा वाकडा ठोकला.

आता कालचं. तूही सामना पाहिला असशीलच. मी अजून इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही, म्हणून दारापाशी त्या तुटक्या घडीच्या खुर्चीवर बसले होते. शेवटच्या क्षणी बरोबरी आणि खांब रेषेवर. सगळ्यांनी पाय उचलले. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मग दंतवैद्य पाय हवेत ठेवूनच कुजबुजले, काय दिसतंय? सर म्हणाले, सांग ना बाई, जीव जातोय. नियम त्यांनीच मोडला हे लक्षात घे. मी बघितलं. कोपर आत होतं, सरळ, बास्केटकडे तोंड करून. कोणीतरी त्याच्याकडून आठवडाभर हे करून घेतलं असणार. वयस्क माणसाला सवय बदलायला लावणं सोपं नाही, पण होतं. मी म्हणाले, जाईल. गेला. पुढे जे झालं त्यात वकिलाच्या सोफ्याचा एक पाय निखळला आणि भूगोलसरांनी मला मिठी मारली. त्यांची चूक नाही, ते दाराकडे धावले आणि मी वाटेत होते. आता उरलेल्या तीनपैकी दोन जिंकले की आपण उपांत्य फेरीत. आकडे मी मांडून पाहिले आहेत. अशक्य नाही. खांबाला ठेवलं तर अशक्य मुळीच नाही.

गाडी आलेली दिसते आहे, तेव्हा आवरतं घेते. मान जप. तुझ्याकडच्या सगळ्यांना नमस्कार, पोस्टमनलाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

तुझी, तूर्तास अनिर्णित,
भाची

ता. क. खोलीने काल रात्रीच ठराव फिरवला आहे. आता मी शुभशकुनी आहे आणि मला कोणालाही द्यायचं नाही, सोबत खुर्ची घेऊनसुद्धा नाही. ड्रायव्हर हे पत्र आज देईल आणि 'सौदा रद्द' असा निरोप उद्या आणेल. तो तुझ्या दुकानात शिरायच्या आत त्याला 'मंजूर' म्हणून टाक. आधी मंजूर झालेला सौदा मोडता येत नाही, हा काकांचाच नियम आहे. शनिवार संध्याकाळच्या आत यायला हवंस. माझी अदलाबदल झाली तरी चालेल. मी सुचवलं हे काकांना कळता कामा नये.

ता. क. २. एकच अट. आल्या आल्या "काय?" म्हणू नकोस. निदान पहिला सामना होईपर्यंत.

ता. क. ३. हे पाकीट मी नीट चिकटवलं आहे, तरी ड्रायव्हर ते उजेडाला धरून वाचेल. ड्रायव्हरकाका, नमस्कार. समोर बघा.

ता. क. ४. एक अडचण लक्षात आली असेल. सौद्याप्रमाणे तू इकडे येणार आणि मी तिकडे जाणार, म्हणजे आपली भेट समोरासमोरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून. म्हणून वर टीव्ही वीतभर खाली घे असं लिहिलं आहे ते करू नकोस. मी आल्यावर मीच घेईन. माझ्या हातून आजवर काही पडलेलं नाही, पण भिंतीत स्क्रू किती खोल गेले आहेत ते उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तसं काही झालंच, तर उपांत्य सामन्याला तुझ्या सगळ्या माणसांना घेऊन मला इकडेच यावं लागेल. जागेची काळजी करू नकोस. वकिलाच्या सोफ्याचा पाय काकांनी आज सकाळीच बसवला. मढवण्याचं काम तर केव्हाच झालं आहे. वकील दोनदा येऊन गेले. काका म्हणतात, अजून तयार नाही.