ओवीला कुडपणहून आणलं

८ जून
ओवीला आणलं. वर्षाची असताना जावेकडे ठेवलेली, मी कंपनीत पॅकिंगला लागले म्हणून. आता पाच पूर्ण. शाळा इथेच, बिरवाडीत. जाऊबाईंना मूलबाळ नाही. ठेवताना उलट बरंच वाटलं होतं, जीव लावतील. एसटीपर्यंत आल्या नाहीत. "गाय सोडायची हाय," म्हणाल्या.
पोलादपूर आल्यावर ओवीने विचारलं, "मम्मी, आईकडं परत कधी जायचं?"
मी मम्मी. आई त्या.

१७ जून
शाळा सुरू. वेणी घालू देत नाही. "तू ओढतेस. आई नाय ओढत." रागात जास्तच ओढली. पोरीच्या डोळ्यांत पाणी. कामात लक्ष नव्हतं.

२५ जून
जाऊबाईंचा फोन. सांगितलं, झोपलीय. ओवी शेजारीच बडबडत होती, त्यांना ऐकू गेलंच असणार. "बरं गो, झोपूदे," एवढंच म्हणाल्या.
ह्यांना म्हटलं, त्यांचा आवाज ऐकला की ओवी रडते. खरं तर मलाच…

१२ जुलै
ओवीला ताप. खाडा केला. ग्लानीत सारखी "आई, आई". मीच ओ दिली. मांडीवर डोकं ठेवून शांत झोपली. हलले नाही. पाय बधिर. चोरी केल्यासारखं वाटलं, तरी हलले नाही.

ऑगस्ट, रवि.
हल्ली कामावरून आले की दारात उभी असते. वर्गातलं सगळं सांगते. कुडपणचं काही नाही. मीही विचारत नाही.

गणपतीत
गावी गेलो नाही. सुट्टी नाही म्हणून कळवलं. सुट्टी होती.

विसर्जनानंतर
जाऊबाई स्वतःच आल्या. पिशवीत काकड्या, डब्यात मोदक. ओवी माझ्यामागे लपली, ओढणी घट्ट धरून. मला आनंद झाला. आधी आनंदच झाला. मग त्यांच्याकडे पाहवेना.
"ऱ्हाऊदे," त्या म्हणाल्या. "तुझीच हाय ती."
चहा टाकायला आत गेले. वळून पाहिलं तर ओवी त्यांच्या गळ्यात. तोंड खुपसून, घट्ट. माझी चाहूल लागताच झटकन सुटली, येऊन माझ्याजवळ उभी राहिली.
म्हणजे विसरली नव्हती. मला घाबरून लपली होती.
निघताना जाऊबाई म्हणाल्या, "दिवाळीला धाडशील ना गो?"
हो म्हटलं. ओवी माझ्या तोंडाकडे बघत होती.