सायराबीनं सांगितलं होतं

तेरखेडा,
शुक्रवार

प्रिय प्रतीक्षा,

पत्र बघून घाबरू नकोस. आण्णांचा गुडघा सोडला तर घरी सगळं बरं आहे. फोनवर तू मधेच रडतीस नाहीतर हसतीस, आणि माझं निम्मं बोलणं तसंच राहून जातं. हे मात्र मला अख्खं सांगायचं आहे, म्हणून चार दिवस झाले, दुपारची थोडं थोडं लिहिती आहे. डाव्या हाताचं अक्षर आहे, सांभाळून घे.

तुझं कार्टून गावानं डोक्यावर घेतलंय. किराणा आणायला गेले तरी कुणीतरी फोन पुढं करतं आणि म्हणतं, "उमाबाई, पोरीनं नाव काढलं बघा." मालकांचा मुनीम स्वतः घरी येऊन गेला. बुधवारी फटाक्याच्या कारखान्यात सुरक्षेचा कार्यक्रम आहे, तिथं मोठ्या पडद्यावर तुझं कार्टून दाखवणार, तुझा सत्कार करणार, हे तुला त्यांनी कळवलंच आहे. आण्णा वीस वर्षं त्या फाटकावर राखणीला उभे आहेत. त्या दिवशी मालकांच्या शेजारी खुर्ची मिळणार म्हणून त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला टाकलाय.

तुझं हे वेड कुठून सुरू झालं ते तुला धड आठवत नसेल. तू सात वर्षांची होतीस. सोलापूरच्या दवाखान्यात मी पट्ट्यांत गुंडाळलेली, एकच डोळा उघडा, आणि वॉर्डाच्या कोपऱ्यात भिंतीवर टीव्ही. त्यावर दुपारी जुनी अमेरिकेची कार्टूनं लागायची. एक उंच कोल्हा आणि एक म्हातारी कोंबडी. कोल्हा तिच्यासाठी बॉम्ब आणायचा, वात पेटवायचा, आणि दर वेळी तो त्याच्याच हातात फुटायचा. तोंड काळं ठिक्कर, मिशा जळालेल्या, नुसते डोळे मिचमिच. मग अंग झटकलं की परत लालभडक कोल्हा, जसाच्या तसा. तू खाटेच्या कडेला बसून खिदळत होतीस. एकदम माझ्याकडं वळलीस आणि विचारलंस, "आई, तुझा काळा कधी निघणार?"

सिस्टर धावत टीव्ही बंद करायला आली. मी म्हटलं, "राहू द्या. पोरीला बघू द्या." आणि मला हसू आलं गं. हसताना ओठ फाटला, रक्त आलं, तरी हसू थांबेना. त्याच दिवशी मी ठरवलं की इथनं गावात जायचं ते तोंड झाकून न्हाय. पहिल्यांदा बाजाराला गेले तेव्हा बायका लेकरांचे डोळे झाकायच्या. मी मुद्दाम त्यांच्याच समोर बसून मेथीची भाजी निवडून घ्यायची. तेरा वर्षांत मी एकदाही पदर तोंडावर घेतला नाही, हे तू बघितलंस. त्याबाबतीत मी कुणाच्या बापाला भ्याले नाही.

ती चित्रं ऐंशी वर्षांपूर्वी माणसांनी हातानं काढली, सात मिनिटांसाठी हजारो कागद रंगवले, बोलणं थोडं आणि वाजंत्री जास्त, हे तू मला पुण्याला गेल्यावर सांगितलंस. तुझं कार्टूनही सात मिनिटांचंच. पत्र्याची खोली, त्यात फटाके भरणाऱ्या दोन कोंबड्या, एक बुटकी, एक उंच. बुटकी म्हणजे मी, हे मला लगेच कळलं. उंच कोंबडी लई धांदरट. हे सांडती, ते पाडती. शेवटी तिच्या हातनं दारूचं घमेलं पडतं, ठिणगी उडती आणि खोलीच उडून जाते. बुटकी काळीठिक्कर होऊन बाहेर येते, अंग झटकते आणि पांढरीशुभ्र. तुझ्या पोटात काय होतं ते मला कळलं, प्रतीक्षा. तेरा वर्षं तुला माझ्यावरचा काळा झटकायचा होता. ते बघून मी भांडी घासायच्या मोरीत जाऊन बसले आणि लई वेळ बाहेर आले नाही.

आता युसराचं सांगते. तुझी बालमैत्रीण, आपल्याच घरात तुझ्या मांडीला मांडी लावून कार्टून बघायची ती. आता शिवणकाम करती. रविवारी माझ्या झंपराचं माप घ्यायला आली, तर शेजारणी फोन घेऊन बसल्याच होत्या. तीही बघायला बसली. सगळ्यांबरोबर हसली. मग तुझी ती उंच कोंबडी काम करता करता ओढणीचं टोक दातात धरती ना, तिथं ती हसायची थांबली. बायका गेल्यावर तिनं माप घ्यायची टेप गुंडाळून ठेवली आणि मला विचारलं, "काकी, ही माझी अम्मी हाय ना?"

तिच्या अम्मीची, सायराबीची सवयच ती. तुला सात वर्षांच्या वयातलं आठवलं आणि तू काढलंस.

मग म्हणाली, "अम्मी खरंच अशी होती का? हातातलं पाडणारी?"

प्रतीक्षा, घमेल्याची गोष्ट तुला मीच सांगितली होती. तू दहावीत असताना विचारलंस तेव्हा, आणि मागच्या वर्षी कार्टून करायला घेतलंस तेव्हाही. गावालाही तीच माहीत आहे. ती गोष्ट खोटी आहे. सायराबीच्या हातनं काहीही पडलं नव्हतं. तिच्या हातनं कधी चिमूटभर दारू सांडलेली मी बघितली नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते, दिवाळीचा माल तेव्हापासूनच भरतात. आम्ही तिघी होतो, मी, सायराबी आणि बलभीमची बायको लक्ष्मम्मा. खोलीत ठेवायचा त्याच्या चौपट माल रचला होता. संध्याकाळी गाडी येणार होती. मिसळलेली दारू नीट वाळली नव्हती, ओलसर तशीच पोत्यात भरलेली. जेवण झाल्यावर सायराबी पोतं सरकवायला गेली आणि थबकली. पालथा हात पोत्यावर ठेवला, लेकराचा ताप बघतात तसा. म्हणाली, "उमा, पोतं गरम लागतंय गं." मीही हात लावला. आतून गरम होतं. ती तशीच बाहेर गेली आणि मुनीमाला म्हणाली, "साहेब, हे पोतं आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, आतनं तापलंय." तो म्हणाला, "पत्र्याखाली सगळंच तापतं. गाडी यायची हाय, हात चालवा." तिनं परत सांगितलं. तो फाटकाकडं निघून गेला. ती आत येऊन मला म्हणाली, "तू दाराजवळ बस. तुझं लेकरू लहान हाय." जसं तिचं लहान नव्हतं. पाव तास झाला असेल. मी दाराजवळ होते म्हणून हे पत्र लिहिती आहे. त्या दोघी राहिल्या नाहीत.

दवाखान्यात पाचव्या दिवशी मुनीम कागद घेऊन आला. त्यानं वाचून दाखवला. सायराबीच्या निष्काळजीपणानं घमेलं पडलं आणि स्फोट झाला. म्हणाला, "अंगठा दिला तर इलाज चालू राहील, तुझ्या नवऱ्याची, श्रीमंतची नोकरीही राहील. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" उजवा हात पट्टीत होता. मी डावा अंगठा उठवला. तू खाटेखाली बाहुली निजवत होतीस.

फरक पडला. बलभीम तेरा वर्षं सायराबीच्या नवऱ्याशी, खाजाभाईशी बोलला नाही. माझी बायको तुझ्या बायकोनं मारली, असं त्यानं भर चौकात म्हटलं होतं. खाजाभाईंनी मान खाली घातली ती आजवर वर केली नाही. आणि युसरा शाळेत असल्यापासून हेच ऐकत मोठी झाली. तोंड न झाकणारी म्हणून माझं कौतुक करणाऱ्या गावात मी हे झाकून बसले होते.

रविवारी मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "अम्मीनं सांगितलं होतं? परत सांगा काकी." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मग ती उठून गेली. मला वाटलं, आता ही आपलं तोंड बघायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाजाभाईंना घेऊन आली आणि म्हणाली, "आता अब्बांना सांगा." सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

त्याच दिवशी मी बलभीमकडं गेले. तो शेळ्या सोडत होता. उभ्या उभ्या ऐकून घेतलं, माझ्याकडं बघितलंही नाही. पण युसरा सांगत होती, काल तो खाजाभाईंच्या सायकलच्या दुकानात येऊन बसला. दोघांनी चहा पिला.

मुनीमाला कळायचं ते कळलंच. दारात येऊन म्हणाला, "उमाबाई, जुनं कशाला उकरता? कागदावर तुमचा अंगठा हाय." मी म्हटलं, "तवा फकस्त अंगठा येत होता. आता त्याच हातानं लिवता येतंय. आणा कोरा कागद." तो आण्णांच्या नोकरीचं काहीतरी पुटपुटत गेला.

हे कळल्यावर आण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तेरा वर्षं गप बसलीस, आत्ताच काय झालं?" मी म्हटलं, "आत्ता माझ्याच लेकीनं ते खोटं सगळ्या जगाला दाखवलं. ते बी इतकं चांगलं, की लोकांनी हसत हसत खरं मानलं." ते हात धुताना म्हणाले, "मला आधी सांगायचं व्हतंस. मी त्या फाटकावर वीस वर्षं सलाम ठोकत व्हतो." सदरा इस्त्रीहून आलाय, पण तो घालायचा का नाही ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही.

आता हे का लिहिलं ते. बुधवारी मलाही दोन शब्द बोलायला बोलावलंय. जळालेली बाई म्हणून, बायांनो काळजी घ्या म्हणायला. मी जाणार आहे. मालक, मुनीम, सगळ्या कामकरणी समोर असतील, आणि युसरा पहिल्या रांगेत बसणार आहे. त्यांच्यासमोर मी इथं तुला लिहिलं तेच बोलणार, दोघींची नावं घेऊन. तू ये म्हणणार नाही, नको येऊ असंही म्हणणार नाही. आण्णांची नोकरी जाईल, तुझा सत्कार जाईल, हे धरून चालले आहे. माझं खोटं तुझ्या हातून चितारलं गेलं, त्याची माफी मागते. पण त्या पडद्यावर सायराबी घमेलं पाडताना दिसता कामा नये. बुधवारपर्यंत नवीन चित्रं काढून होत नसतील तर कार्टून दाखवू नकोस, खुशाल नाही म्हण, आणि मग सावकाश कर, वर्ष लागलं तरी लागू दे. मला चित्रातलं कळत नाही म्हणून एकच विचारते, त्याचं उत्तर मात्र फोनवर दे. ज्यांनी हात लावलेला नाही त्यांनाही कळावं, असं गरम पोतं कसं काढतात?

तुझीच,
आई