डाव्या दरवाजाचा डाग

१३ जुलै

गाडी आणली. पांढरी, तेरा वर्षं जुनी, एकाच मालकाची. मालक सावरगावचे भगवंतराव, रिटायर मास्तर. पूल ओलांडून पांढुर्ण्यात यायला पाच मिनिटं लागली, तेवढ्यात दोनदा वाटलं की वापस फिरवावी.

कारण एकच — डॅशबोर्ड. एवढा चमकून राहिला की समोरच्या काचेत त्याचीच सावली पडते. हात लावला त बोटं तेलकट. दरवाजाच्या आतल्या प्लास्टिकलाही तेच चोपडलेलं. तेरा वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी आतून अशी असते का? मी बारा वर्षांपासून मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर आहो. लेबल जास्त चकचकीत असलं की मी आधी मागची तारीख पाहतो.

दुसरी गोष्ट. एक गिऱ्हाईक माझ्यापेक्षा जास्त द्यायला तयार होतं, हे दलालानंच सांगितलं. मास्तरांनी त्याला नाही म्हटलं, मला दिली. बोलताना माझ्या डोळ्यांकडे नाही, कपाळाकडे पाहून राहिले होते. अन् वरून, "कागदावर तुमचं नाव चढायच्या आत नाही पटली त आणून द्या." माल चांगला असला त कोणी आपणहून असं म्हणते का? पाणी कुठंतरी मुरून राहिलं.

पण गाडी पाहिजेच. शिवानीला सहावा लागला. बीपी वाढते म्हणून डॉक्टरनं बाळंतपण नागपुरातच करा म्हटलं. ऐन वेळी भाड्याची गाडी शोधत फिरायचं नाही मला.

१४ जुलै

आई गाडीला ओवाळायला आली, मग विचारलं कोणाची. सावरगावची म्हटल्यावर ताट तसंच हातात धरून उभी राहिली. "तुह्या बाबाईनं पाहिलं असतं त," एवढंच म्हणाली.

खरं आहे. अकरा वर्षांपूर्वी गोटमारीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात त्यात, सावरगावच्या काठावरून आलेल्या गोट्यानं माझं डोकं फुटलं. नदीत रोवलेलं झेंड्याचं झाड जो तोडेल तो जिंकतो, त्या झाडापर्यंत पोचलो होतो. पाणी आठवते, मग एकदम नागपूरच्या दवाखान्यातला पंखा. तेव्हापासून बाबांनी पूल ओलांडला नाही, चार वर्षांपूर्वी गेले तोपर्यंत. घरात कोणी कारण विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? अन् मी त्यांचाच पोरगा. दुधानं पोळलेला.

१७ जुलै

देवीदासच्या दुकानातून डॅशबोर्ड पॉलिश आणलं. बाटलीवर संत्र्याचं चित्र. बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही, कंपनीचा पत्ता म्हणजे नुसतं "भारत". आमच्या दुकानात अशी बाटली कोणी आणली असती त पायरीवरूनच परत पाठवली असती.

"लावून त पाहा भैया, आरशासारखं चमकते."

चमकच त नको आहे मला! तरी कोपऱ्यात लावलं. संध्याकाळपर्यंत त्यावर धुळीचा थर बसला. पुसलं त धूळ अन् तेल मिळून चिखल झाला. शिवानीला वासानं मळमळलं. बाटली बाथरूमच्या मागे ठेवून दिली.

२० जुलै

रविवार. सौसरला गेलो. तिथं चंचलभाऊ सीट कव्हर शिवतात, गाड्या आतून साफ करून देतात. माणूस फटकळ. दार उघडलं, नाक आत घातलं अन् म्हणाले, "मळावर पॉलिश, पॉलिशवर मळ. दहा वर्षांचे थर आहेत हे. आधी काढा, मंग लावा."

काढायचं औषध एक, लावायचं दुसरं. काढायचं पातळ, पाण्यासारखं. लावायचं दुधासारखं, त्यात तेल नाही, चमक नाही, उन्हानं प्लास्टिक तडकू नये एवढंच त्याचं काम. दाणेदार प्लास्टिकला मऊ ब्रश. फवारा कधीच थेट मारायचा नाही, कपड्यावर घ्यायचा, नाही त बटनांत पाणी जाते. अन् आधी लपलेल्या जागी लावून पाहायचं.

मनात आलं, दोन बाटल्या विकायच्या आहेत म्हणून दोन पायऱ्या सांगून राहिला. उभ्या उभ्या दोन्ही लेबलं पूर्ण वाचली. बॅच नंबर होता. तारीख होती. पत्ता होता. पक्कं बिल मागितलं, तेही दिलं. "डाक्टर आहा का हो?" म्हणाले. मला बोलायला जागाच ठेवली नाही त्यांनी. येताना लोधीखेड्याच्या एका ओळखीच्याला फोन करून विचारलं, चंचलभाऊ माणूस कसा आहे. चांगला म्हणे. तो त्यांचा पाहुणा निघाला, म्हणजे त्याचं म्हणणं धरता येत नाही.

२१ जुलै

ग्लोव्ह बॉक्सच्या खाली, कोणाला दिसणार नाही तिथं, लावून पाहिलं. रंग गेला नाही. उद्या पुन्हा पाहीन.

२२ जुलै

नाही गेला.

२७ जुलै

सकाळपासून बसलो. पाच कपडे काळे झाले. दुपारी डॅशबोर्डचा खरा रंग निघाला — करडा, धुतलेल्या पाटीसारखा. काचेतली सावली गेली. मी घरात जाऊन शिवानीला हाताला धरून बाहेर आणलं, एवढं बरं वाटलं.

मग डावा दरवाजा घेतला. त्याचं प्लास्टिक फिकट बिस्किटी रंगाचं. जसजसं तेल निघत गेलं तसतसा खालून एक डाग वर आला. तळहाताएवढा, तांबूस तपकिरी. प्लास्टिकच्या दाण्यादाण्यांत बसलेला, खिडकीखालच्या फटीत उतरलेला. शेजारच्या पट्टीवर तीन ओघळ.

एवढ्यासाठी चमक होती! वरून कीर्तन, आतून तमाशा. मास्तर म्हणे!

२८ जुलै

देवीदास म्हणाला, पान थुंकलं असेल. शिवानी म्हणाली, चहा. शाम्पू झाला, खायचा सोडा झाला, दातांचा ब्रश झाला. डाग फिका होतो, जात नाही. पान थुंकणारा माणूस खिडकीच्या बाहेर थुंकतो, आत दरवाजावर कायले थुंकेल?

३० जुलै

दुकानातून जखम धुवायचं फेसाचं औषध आणलं. रक्तावर पडलं की फसफसते, हे माझ्या धंद्यात शेंबडं पोरही जाणते. कापसावर दोन थेंब घेतले अन् फटीत दाबले.

फेस आला.

पुन्हा टाकलं. पुन्हा आला.

गाडीत तसाच बसून राहिलो. शिवानी कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही, सांगून टाकलं. तिनं पोटावर हात ठेवला अन् दोन पावलं मागे सरकली. "त्या सीटवर मी नाही बसणार, ऋषी. कोणी मेलं असेल तिथं त? त्यावर बसून मी बाळंत व्हायला जाऊ?"

३१ जुलै

मेकॅनिकनं गाडी उचलून खालून पाहिली. कुठं ठोकलेली नाही, रंग मारलेला नाही, एक पत्रा बदललेला नाही. "एवढी जीव लावून ठेवलेली गाडी मी पाहिली नाही," म्हणे.

मग त जास्तच वाईट. ॲक्सिडेंट नाही अन् रक्त आहे. मग कोणाचं?

४ ऑगस्ट

नाव चढवायची तारीख आठ. त्याच्या आत गाडी वापस. आरडाओरडा करायचा नाही, एकच प्रश्न विचारायचा अन् किल्ली टेबलावर ठेवायची. आईला सांगितलं नाही. पुन्हा भाड्याची गाडी पाहणं आलं. शिवानी रात्री दोनदा उठून बसते, पाय सुजले आहेत.

६ ऑगस्ट

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

मास्तर एकटेच होते. चहा आणला, मी कपाला हात लावला नाही. किल्ली ठेवली. म्हटलं, "मास्तर, डाव्या दरवाजावर रक्त आहे. कोणाचं?"

मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "निघालं नाही ना? म्या बी लय घासलं. साबण, लिंबू, रॉकेल. मंग दिसू नये म्हणून पॉलिश मारत गेलो."

मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. "सहा टाके होते ना तुमाले?"

माझा हात आपोआप भुवईवरच्या व्रणावर गेला.

"तुमी आमच्या काठाजवळ पडले होते. अँबुलन्स दुसऱ्याले घेऊन गेलती. माही गाडी जवळ उभी होती. डोकं त्या दरवाजाले टेकवून नेलं नागपूरले. कोण आहा ते मालूम नव्हतं, रस्त्यात खिशातल्या कागदावर नाव वाचलं. तुमचे वडील संध्याकाळी आले दवाखान्यात. त्याईनं विचारलं, कुठले? म्या म्हटलं, सावरगाव. मंग ते काही बोलले नाहीत. म्या निघून आलो."

मी विचारलं, आजवर सांगितलं कायले नाही?

"काय सांगू? गोटा कोणाचा होता हे कोणालेच सांगता येत नाही. पण आला त माह्याच काठावरून ना? मंग गाडी नेल्याचं कोणत्या तोंडानं सांगू?" मग किल्ली माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आता मले नीट दिसत नाही, गाडी विकाची होती. तुमचं नाव ऐकलं, कपाळ पाहिलं. म्हटलं, ज्याची आहे त्याले जाऊ दे."

चहा थंड झाला होता. सगळा प्यालो.

दहा दिवस मी माझंच रक्त घासून राहिलो होतो. अन् त्या माणसाला मनात काय काय म्हटलं! इथं मागे लिहिलेलंही आहे. खोडत नाही, राहू दे.

७ ऑगस्ट

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"तुह्या बाबाईले मालूम होतं. रक्तानं भरलेला बुशकोट घालून तो माणूस बाकावर बसला होता, अन् याईनं त्याले पाणी बी नाही विचारलं. पूल कायले ओलांडत नव्हते ते? लाज वाटे त्याईले. समोर पडला त काय म्हणू, म्हणत."

मी अकरा वर्षं तो बाबांचा राग समजून सावरगावचा राग धरला. तो राग नव्हताच.

८ ऑगस्ट

नाव चढलं. चंचलभाऊंचं दुधासारखं औषध सगळीकडे लावलं, त्या तळहाताएवढ्या जागेला सोडून. शिवानी आपणहून डाव्या सीटवर जाऊन बसली. डागावर हात फिरवला अन् म्हणाली, "तुहाच आहे त मंग काय."

२३ ऑगस्ट

पोळ्याचा दुसरा दिवस. गोटमार. शिवानीला विचारलं, ती म्हणाली जा. गाडी सकाळीच सावरगावच्या काठावर आणून उभी केली, तोंड नागपूरकडे, कोणी पडलं त न्यायला. मास्तर बाजूला खुर्ची टाकून बसले आहेत. डाव्या सीटवर अन् दरवाजावर जुनी चादर अंथरली होती, ती काढून डिक्कीत ठेवली. लागला डाग त लागू दे.