उजवी पाकळी

२८ जुलै, सोमवार

पुन्हा भात करपला. तांदूळ वैरून दोन मिनिटं टेकले, तर भिंतीला डोकं लावून झोपच लागली. ह्यांनी गॅस बंद केला. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

चिकनगुनियाचा ताप जाऊन पन्नास दिवस झाले. रक्ताचा रिपोर्ट चांगला. सगळे म्हणतात, बरी झालीस. मग तुळशीला पाणी घालून आल्यावर पायरीवर मटकन बसते ती कोण? सकाळी बोटं लाकडासारखी. कळशी उचलत नाही. आणि रडू — कांदा न चिरता येतं. लाज वाटते.

घरखर्चाच्या वहीची मागची पानं वापरते आहे. रडगाण्याला नवी वही कशाला.

३१ जुलै, गुरुवार

बसने पेडण्याला जाऊन आले. डॉक्टरीण आमच्या लेकीपेक्षा, सेजलपेक्षा फार मोठी नसेल. म्हणाली, "काकी, व्हायरस गेला, अंग अजून सावरतंय. आणखी दोन-तीन महिने धरून चला. कामं वाटून द्या."

मी म्हटलं, सत्तावीसला चवथ आहे.

"मग घरच्यांना करू द्या ना."

इतकं सोपं! बारा वर्षं गणपतीच्या नेवऱ्या माझ्या हातच्या. सासूबाईंनी जायच्या आधी ते काम मला दिलं, धाकटी जाऊ जानकी समोर असताना मला. साचा नाही, कातणं नाही, करंजीला बोटांनीच मुरड घालायची. एकवीस देवाला, मग घराला. वाटून द्या म्हणे. मग मी काय करायचं, आरतीला टाळ्या?

२ ऑगस्ट

जपात तिसरी माळ की चौथी, कळेना. पुन्हा पहिलीपासून. पुन्हा तेच. माळ ठेवून दिली.

५ ऑगस्ट, मंगळवार

ह्यांनी ओसरीवरची प्लास्टिकची खुर्ची आणून गॅसपाशी ठेवली. "कदेलार बसून रांद गो. देव काय रागावना."

खुर्चीत बसून नैवेद्य! सासूबाईंनी ऐंशीव्या वर्षी उभ्याने केला. मी खुर्ची परत ओसरीवर नेऊन ठेवली. तेवढ्याने धाप लागली, ते सांगितलं नाही.

जानकी आली. ह्यांनी खुर्ची आत आणली, मी बाहेर काढली, ते तिला कसं कळलं देव जाणे. "वयनी, कदेल घेऊन फिरता, कोण पावणो येतलो?" मी हसले नाही. मग जवळ बसून म्हणाली, "तुमी फक्त सांगा. हात माझे."

बघू म्हटलं. तिची मुरड तेलात सुटते. खरं ते खरं.

११ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. देवळात प्रसाद लावला, देवाचा कौल घ्यायला. डॉक्टरणीचं ऐकून झालं, ह्यांचं झालं, जानकीचं झालं. यंदा माझ्या हातून नेवऱ्या व्हाव्यात की नको, आता देवानेच सांगावं.

हे नारळ घेऊन पुढे गेले, गुरवाला प्रश्न सांगितला. मी मागे बायकांच्यात, खांबाला टेकून. उभं राहवत नव्हतं. गुरवाने ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. घंटेत शब्द कळले नाहीत. बराच वेळ काहीच नाही. शेजारची बाई म्हणाली, आज देव गप्प. आणि उजवी सुटली. अलगद, पायाशी. उजवी म्हणजे होकार.

घरी येऊन दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. भात मागून घेतला. हे माझ्याकडे बघत बसले, स्वतः जेवायचे विसरले. हरले बिचारे.

१२ ऑगस्ट

चवथीची पितळी भांडी घासायला काढली. देव पाठीशी असल्यावर काय!

१४ ऑगस्ट, गुरुवार

भांडी दोन दिवस अंगणात तशीच. आज सेजलने घासली, बारावीचा अभ्यास सोडून. मी ओरडले — तुला कोणी सांगितलं?

"आई, बरी झालीस म्हणून दाखवायचं कोणाला आहे तुला?"

जेवणात मीठ दोनदा घातलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज नेवऱ्यांना बसले. पीठ मळतानाच मनगटात कळ. सोसली. पहिल्या चार बऱ्या झाल्या. पाचवीपासून अंगठा वळेना. दाबते आहे, दाबलं जात नाही. दुसऱ्या कोणाचा हात असावा तसा. तेलात टाकल्या तशा एकामागून एक फुटल्या. सारण जळलं, तेल काळं. तेल गाळून ठेवायचंही सुचलं नाही. खाली बसले ती उठताच येईना. ह्यांनी काखेत हात घालून उठवलं, लहान मुलाला उठवतात तसं. जानकी दारात होती. वाटलं, आता बोलेल. तिने गॅस बंद केला आणि गेली.

देवा, मी तुला विचारलं होतं. तू हो म्हणालास. मग चेष्टा का केलीस?

सांजवात सेजलने लावली. मी देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही.

२३ ऑगस्ट

आजही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी ह्यांना विचारलं, देव खोटं बोलतो काय हो? हे सुपारी कातरत होते, थांबले. "देव न्हय. हांवें प्रश्नच वेगळो घातलेलो." गुरवाला सांगितलं होतं म्हणे — देवा, माझी बायल यंदा चवथीला बसून राहिली तर तुला चालेल काय?

मग त्याच दिवशी का नाही बोललात?

"तू जेवत होतीस गो."

ओसरीवरची खुर्ची मीच ओढत आत आणली. जानकीला हाक मारली. तिने पीठ मळलं, पारी लाटली, सारण भरलं. मी बसून बघत होते.

"अंगठा जरा आत घे," म्हटलं.