जावळानंतरची पांढरी बट

रविवार संध्याकाळ, भोसरी

जावळ काढलं की काळे केस येतील, असं आई म्हणत होती. आज चिऊच्या कपाळावर पुन्हा पांढरीच बट उगवलेली दिसली. माझ्यासारखीच. तिथं रंग तयार करणाऱ्या पेशीच नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग वस्तरा काय करणार? तरी आशा होतीच. मला शाळेत ‘म्हातारा’ म्हणायचे. अजून कंपनीची टोपी घरातही डोक्यावर असते. मीच दिलं ना हे पोरीला?

बायकोला तसं म्हणालो, तर हसायलाच लागली. “अहो, बघायला आलात तेव्हा आजीच्या पाया पडताना तुमची टोपी पडली आणि ही बट दिसली. तोवर मी नाहीच म्हणणार होते!”

इतकी वर्षं बोलली नाही बाई.

चिऊनं आत्ता टोपी ओढून फेकली, माझी बट मुठीत घट्ट धरलीय. टोपी तिथंच पडू दे.