वर्षाचे गहू

२१ मार्च २०२०, शनिवार

कुरडया झाल्या एकदाच्या! तीन दिवस गहू भिजत होते. आज पहाटे चीक शिजवला. हात भाजले, पण गाठ म्हणून धरली नाही.

समोर अप्पांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मोनाली आली होती सोऱ्या फिरवायला. नर्स आहे, आज दुपारची पाळी होती. "हात धुऊन बस ग," म्हटलं, तर म्हणते, "काकू, तुम्ही दोन वर्षं मला हेच सांगताय, आता टीव्हीवालेपण सांगायला लागले!" हसता हसता सोऱ्या सुटला असता हातातनं. तिच्या यशूनं वाटीभर चीक दूध-गूळ घालून खाल्ला, वर "आजी, अजून" म्हणाली. मोनालीच्या हातच्या कुरडया जाळीदार, एकसारख्या गोल. माझ्या आपल्या वाकड्यातिकड्या. म्हणून सगळ्या तिलाच घालायला लावल्या. तिचा वाटा डब्यात घालून देणार आहे वाळल्या की.

ती कामावर गेली आणि कन्हेरीहून नानांचा टेम्पो आला. गहू, आणि मोरगावकडची ज्वारी. आमचं वर्षाचं आणि पुण्याच्या धाकट्या जाऊबाईंचं. बाकीची पोती पुढच्या गिऱ्हाइकांची. नाना म्हणाले, "वहिनी, औंदा तुमचं समद्यांच्या आधी आणलं. उद्या काय हुईल, काय न्हाय!" मीच दारात उभी राहून पोती उतरवून घेतली. हे गच्चीवर कुरडयांची राखण करत बसले होते. कावळे फार! खाली काही आले नाहीत.

पिंपं भरली. मनाला कसं गार वाटलं.

२२ मार्च, रविवार

संध्याकाळी थाळ्या वाजवल्या. मी देवातली घंटा घेतली. मोनाली नेमकी कामावरून येत होती, तर गल्ली दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवायला लागली. गल्लीच्या मोबाईल ग्रुपचं बघणारा संदेश शिट्ट्या मारत होता — "मोनालीताई, आगे बढो!" पोरगी लाजून अर्धी झाली. हे आमच्या लेकीनं, वृषालीनं दिवाळीला दिलेल्या मोठ्या मोबाईलवर शूटिंग करत होते. लहान मुलासारखा नाद लागलाय त्याचा. माझा आपला बटनांचाच बरा.

२३ मार्च, सोमवार

कोथिंबीर आणायला मंडईत गेले आणि घाबरून परत आले. माणसं नव्हेत ती! बटाट्याच्या पोत्यावर दोघं जण दोन्हीकडून ओढत होते. एका बाईच्या दोन्ही पिशव्यांत नुसतं मीठ. एकानं बिस्किटांचा अख्खा खोका उचलला, म्हातारी म्हणाली, "बाबा, एक पुडा दे की," तर तिच्याकडं न बघता गाडीला किक मारली.

आपलं भरलेलं आहे. देवाची कृपा, आणि दरवर्षीची शिस्त.

२४ मार्च, मंगळवार

सगळं बंद! सगळा देश! टीव्हीवरचं भाषण संपायच्या आत गल्लीतली माणसं पिशव्या घेऊन पळाली. आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो.

२५ मार्च, बुधवार. पाडवा

गाठी कुठं मिळाली नाही. बत्तासे दोऱ्यात ओवून गुढीला घातले. कडुलिंब शेजारच्या कुशाबाईंच्या परसातला. नैवेद्य दाखवला आणि वृषालीचा इंदापूरहून फोन. वाटलं, सणाचा आहे.

"आई, तू काय केलंस ग?"

मला काही कळेना. सासूबाईंच्या मोबाईलवर फोटो आलाय म्हणाली. आपल्या दारातला. पोत्यांनी भरलेला टेम्पो आणि शेजारी तू. खाली लिहिलंय — बारामतीत गरिबाला किलोभर पीठ मिळेना आणि हे बघा साठेबाज!

साठेबाज! मी!

सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या म्हणे, "तुझ्या आईला सांग, एखादं पोतं आमच्याकडं पण लावून दे म्हणावं." सगळे हसले. जावईही. "त्यांनीच वाचून दाखवलं, मी नाही बघितला, मला बघवणार नाही," म्हणाली, आणि रडायला लागली. सणाच्या दिवशी माझी पोर सासरी रडली, ती माझ्यापायी.

लग्न होऊन आले तेव्हापासून मार्चात वर्षाचं भरतेय. माझ्याआधी सासूबाई भरत होत्या. तेव्हा ह्या गल्लीत दारोदार पोती उतरायची. आता सगळे पाच-पाच किलोच्या पिशव्या आणतात, तर तो माझा गुन्हा?

ह्यांना सांगितलं. घास हातात तसाच राहिला. हे पानावरून उठले. पाडव्याचं पान!

२६ मार्च, गुरुवार

हिंग संपला म्हणून दुकानात गेले. चुन्याच्या गोलात गुपचूप उभी होते. दुकानदार मोठ्यांदा म्हणतो, "वहिनी, तुमी कशाला रांगेत? तुमच्या तर घरातच मॉल हाय!" रांग फिदीफिदी हसली. हिंग न घेताच आले.

दुपारी दोन पोलीस. तक्रार आहे म्हणाले. बुटांसकट स्वयंपाकघरात. देवघराच्या उंबऱ्यापर्यंत बूट! पिंपांची झाकणं उघडली. "एवढं सगळं दोघांना?" वर्षाचं आहे, जावेचं पण आहे, म्हटलं. धाकट्या पोलिसानं गव्हात हात घातला, कडुलिंबाचा पाला वर काढला. "साहेब, आमची आई पण असंच भरती. न्हाय काय ह्यात."

गेले. पाणी पुढं केलं होतं, घेतलं नाही.

गल्ली सगळी दारात उभी. बूट आत जाताना सगळ्यांनी बघितले. "न्हाय काय ह्यात" — हे कुणालाच ऐकू गेलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

दूधवाला आमचं दार सोडून पुढं गेला. हाक मारली, वळला नाही. कोरा चहा.

२८ मार्च, शनिवार

सकाळी संदेश आला. तोंडाला रुमाल, लांबूनच. "काकू, देवाशप्पथ, मी न्हाय टाकला. आमच्या ग्रुपवर बाहेरनंच फिरत आला. पण एक सांगू का? फोटो वरनं काढलाय." आणि मान वर करून समोर बघितलं. अप्पांच्या वरच्या मजल्याकडं.

गल्लीत वरचा मजला तेवढा एकच. मोनालीचा.

डोक्यात जाळ झाला नुसता! माझ्या घरात बसून, माझा चीक खाऊन! खोटं कशाला लिहू, ही माणसं अप्पांकडं राहायला आली तेव्हा मला अवघडच वाटलं होतं. खिडकीतनं त्यांची बाबासाहेबांची तसबीर दिसायची. माझं देवधर्माचं घर, कसं जमायचं म्हणून. मग त्या लहानगीनं लळा लावला. आज ते जुनं सगळं परत वर आलं. शेवटी परकी ती परकीच, असं वाटलं.

भाजीचा गाडा आलेला, बायका सगळ्या होत्या. मोनाली रात्रपाळी करून येत होती. डोळे तांबडे, चेहऱ्यावर मास्कचे वळ. मी तिथंच तिला गाठलं. "माझ्या घरचं खाल्लंस आणि माझाच फोटो काढलास?"

थांबली. "काकू, मी नाही काढला."

"वरचा मजला तुझाच ना? मग काय कावळ्यानं काढला?"

बायका हसल्या. ती नाही हसली. "तुम्ही तो फोटो बघितलाय का?"

"असलं मी बघत नसते!"

"एकदा बघा, काकू."

एवढंच. माझ्याकडं नाही, माझ्या मागं कुठंतरी बघत होती. मग जिना चढून वर गेली.

२९ मार्च, रविवार

दूध आलं! निरसं, फेसाळ. वर दूधवाला म्हणतो, "गैरसमज झाला, वहिनी."

कुशाबाई सकाळीच ओट्यावर. "आगं, त्या नरसबाईनंच केलं व्हय! आन् आमी तुला नावं ठिवत हुतो. माझ्या तोंडाला काय म्हणावं!" दुकानदारानं हिंग घरपोच पाठवला. वृषालीलाही फोन करून सांगितलं, तिच्या सासूबाईंना सांग म्हणून.

देवापुढं साखर ठेवली. पावलास रे बाबा!

३१ मार्च, मंगळवार

गल्लीत आता दुसरंच सुरू झालंय. संदेश सगळ्यांना सांगतोय, "दवाखान्यातनं रोज अंगावर काय काय घेऊन येत आसंल, आपल्या पोराबाळांचं काय?" त्या दिवशी हाच शिट्ट्या मारत होता! कुणीतरी त्यांच्या जिन्यावर ब्लीचिंग टाकलं. यशूला खाली यायची बंदी. दूधवाल्याला त्यांच्याकडं जाऊ नको म्हणून सांगितलंय.

मी तसं काही म्हटलं नव्हतं. मी फक्त फोटोचं म्हटलं होतं.

हे जेवत नाहीत नीट. मोबाईल कपाटात ठेवून दिलाय. आज म्हणाले, "कुणी काढला ते सोड की आता." मी म्हटलं, "तुमचं काय जातंय सोडायला? तोंड माझं काळं झालं होतं!"

२ एप्रिल, गुरुवार. रामनवमी

पाळणा म्हटला, मी एकटीच.

अप्पा आले होते. गेटच्या बाहेरूनच बोलले. "वहिनी, तुमच्यासारख्या देवमाणसाला जिनं असं केलं, ती माझ्या घरात नको. खोल्या खाली करायला सांगितलंय."

माझ्यासाठी!

ह्यांना सांगितलं तर ताडकन उभे राहिले. "अशा दिवसांत पोर घेऊन त्यांनी जायचं कुठं? अप्पाला सांग, असलं काही करू नको म्हणावं."

"तुम्हीच सांगा की. तुमचा दोस्त आहे."

हे गेटपर्यंत गेले. कडीला हात लावला. परत आले आणि गच्चीवर जाऊन बसले. कुरडया कधीच्याच वाळून डब्यात गेल्यात, तिथं राखायला काही नाही आता.

अप्पांना मीच सांगावं, असं मनात आलं. खरंच आलं. मग दूधवाला आठवला.

५ एप्रिल, रविवार

गल्लीभर पणत्या. दिवाळीसारखं दिसत होतं. समोर वर खिडकीत एकच पणती, यशूच्या हातात. मला बघून "आजी!" म्हणून ओरडली.

मी आत आले.

६ एप्रिल, सोमवार

गेली ती माणसं.

मोनालीचा नवरा धम्मदीप यशूला घेऊन मोटरसायकलवर इंदापूरकडं, त्याच्या गावी गेला. गावात तरी घेतात की नाही देव जाणे. वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्यात म्हणे, आधी शाळेत राहावं लागणार. मोनाली दवाखान्यातच राहणार, तिला सुट्टी नाही. यशू आईची ओढणी सोडेना. धम्मदीपनं एकेक बोट सोडवलं. मोनालीनं पोरीचा पापा घेतला नाही. हात मागं धरून उभी होती — कामावरचे कपडे होते ना अंगावर.

गल्लीत सगळ्या खिडक्या लावलेल्या. फटीतनं सगळे बघत होते. मीही.

नंतर दार उघडलं तर पायरीवर माझा डबा. पाडव्याआधी कुरडयांचा वाटा दिला होता तो. लख्ख घासलेला. आत साखर. डबा मोकळा परत करायचा नाही म्हणून! बाजारात साखर मिळेना, दूध त्यांचं बंद, आणि ही डब्यात साखर घालून गेली.

हातानं उचलला नाही. सांडशीनं धरून गच्चीवर उन्हात ठेवला.

८ एप्रिल, बुधवार. हनुमान जयंती

देऊळ बंद. नारळ घरीच फोडला. कुशाबाईंना प्रसाद द्यायला गेले, तर नातीचा मोबाईल पुढं केला त्यांनी. "आगं, बघ तरी एकदा! किती झ्याक आलाय फोटू!"

बघितला.

मी पाठमोरी आहे. पुढं टेम्पो. टेम्पोच्या पलीकडं अप्पांचं घर, वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद. आणि अगदी खाली, कडेला, आमच्या गच्चीवरची माझी खाट, खाटेवर कुरडया, आणि कावळे हाकायची काठी.

घरी येऊन ह्यांच्यापुढं उभी राहिले. काही विचारावं लागलं नाही. "तुझं कौतुक म्हणून पाठवला होता ग मित्रांना. खालचं ते मी नाही लिहिलं."

कुरडया जाळीदार, एकसारख्या गोल. मोनालीनं घातलेल्या. तिनं ओळखल्या असणारच.