आवाज चढवा, ताई

प्रिय ताई,

ज्यांनी विश्वासाने ऑपरेशनच्या टेबलावर मान टेकवली आणि ज्यांना नंतर "असं होतंच" म्हणून घरी पाठवलं, त्या सगळ्यांच्या वतीने लिहिते आहे. सभेत बोलले असते, पण माझ्या गळ्यात आता नुसता वारा उरलाय.

गळ्यातली गाठ काढताना आवाजाची नस कापली गेली. सर्जन म्हणतात, आपण शेवटपर्यंत तिथेच होतो. खरं तर ते शेजारच्या खोलीत दुसरं ऑपरेशन करायला गेले होते आणि सुरी शिकाऊ डॉक्टरच्या हातात होती. हे तिथल्या सगळ्यांनी पाहिलं. सांगायला तयार झालात फक्त तुम्ही; तिथल्या नर्सही तुम्हीच आणि माझ्या नणंदही तुम्हीच.

लग्न होऊन आले तेव्हापासून तुमचं एकच पालुपद, "अगं, हळू बोल! भाषण नाहीये, भाजी वाढायचीय." आणि परवा तुमच्या भावाने तुमची नोकरी जाईल म्हणून बजावलं, तर म्हणालात, "हिची बडबड बंद पाडायचा हक्क माझा होता, त्या डॉक्टरांचा नाही!" ताई, मी आवाजाशिवाय पोट धरून हसले आणि मग रडले.

भरपाईच्या दाव्याचं काय व्हायचं ते होवो. तुमचे उपकार मी जन्मभर मिरवेन.

साक्षीदाराला काही लिहू नका, असं वकीलबाईंनी बजावलंय, म्हणून हे पत्र कपाटातच राहील. तरी सांगते. उद्या कोर्टात हळू बोलू नका. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोला.

तुमचीच, नाइलाजाने गप्प,
भावजय